बैलावर बैल

जालन्याहून निघालेली एसटी सिंदखेडराजा मागे टाकून साखरखेर्ड्याच्या रस्त्याला लागली आणि सविताचा फोन आला. "मीने, कुठंवर आली? लवकर ये. इथं विलासनं घोळ घालून ठेवला." एवढं बोलून फोन कटला, आणि पुढे रेंज आलीच नाही. खिडकीबाहेर हरभरा सोंगून मोकळी झालेली काळी रानं होती, मधूनच कापसाच्या पऱ्हाट्यांचे ढीग. ऊन अजून फेब्रुवारीचं होतं, पण टोचायला लागलं होतं.

मी नाशिकला विम्याच्या ऑफिसात काम करते. काय घडण्याची शक्यता किती, याचे अंदाज बांधणं हा आमचा धंदा. वडील बाजार समितीत हमाल होते. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि तीही संख्याशास्त्रातली. ती मी मिरवते, कारण ती मला कुणी ताटात वाढलेली नाही. आमच्या ऑफिसातले एकजण पुण्याला घोड्यांवर पैसे लावायला जातात. त्यांनी एकदा डबा खाताना समजावलं होतं, की चांगल्या घोड्याच्या पाठीवर मुद्दाम जादा वजन देतात. मग सगळे घोडे जवळपास एका पातळीवर येतात आणि खरा अंदाज तिथून सुरू होतो. मागच्या शर्यती बघायच्या, जमीन बघायची, स्वार बघायचा. मला ते ऐकून शिकावंसं वाटलं. वसतिगृहातली माझी मैत्रीण सविता म्हणाली, "घोडे कायले पाह्यतं? आमच्याकडं शंकरपट (बैलजोड्यांची शर्यत) आहे. तिथं शिक." म्हणून निघाले. चहा-भज्यांच्या पैजा लावायच्या, हरलो तर हसायचं, एवढाच बेत होता.

सविता स्टँडवर स्कूटी घेऊन उभी होती. मी मागे बसायच्या आतच तिने सांगून टाकलं.

"बैलावर बैल लावला त्यानं."

"म्हणजे?"

"म्हणजे उद्याच्या पटात हरला तर आमचा काजळ्या भास्कररावाच्या गोठ्यात. जिंकला तर त्याचा हरण्या आमच्या."

विलास हा तिचा धाकटा भाऊ. शेती तोच बघतो. सविता मेहकरला कॉलेजात शिकवते आणि सुट्टीला घरी येते. भास्करराव हा शेजारच्या गावचा मोठा शेतकरी, पटाचा जुना शौकीन. चहाच्या टपरीवर त्याने विलासला चारचौघांत ऐकवलं होतं, "तुहा बैल दुसऱ्याच्या जोरावर पळते. जोडीदार चांगला भेटला म्हणून तुहं नाव." विलासने तिथल्या तिथे बैलावर बैल लावला. पटाला सरकारी परवानगी असते, अशा पैजेला कसली असणार? पण दहा माणसांसमोर शब्द गेला होता, आणि या भागात तेवढं पुरे होतं.

घर गावाच्या कडेला. पत्र्याच्या ओसरीवर बुद्धाची तसबीर, पलीकडे गोठा. सविताच्या आई शेवंतामावशी गोठ्यातच होत्या. काजळ्या त्यांच्या खांद्यावर मान टाकून उभा होता आणि त्या त्याच्या कानामागची गोचीड काढत होत्या. पांढऱ्या अंगाचा, डोळ्यांभोवती काळी कडी असलेला बैल. त्याची आई व्यायली आणि गेली, तेव्हा मावशींनी याला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. हे सगळं मला सविताने हळूच सांगितलं, कारण पैज लागल्यापासून मावशी विलासशी बोलत नव्हत्या.

जेवायला वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर आणि ठेचा होता. ठेच्याने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. विलास समोरच बसला होता.

"सविता, त्याले इचार भाकर पाह्यजे का," मावशी म्हणाल्या.

"माय, मी इथंच बसून आहे," विलास म्हणाला.

"त्याले सांग, मले दिसते."

विलास ताटावरून उठला तेव्हा अर्धी भाकर तशीच होती.

माझी पहिली शिकवणी गोठ्यात झाली. पटाच्या जोडीतले दोन्ही बैल एकाच मालकाचे असतातच असं नाही. एकाचा हा, दुसऱ्याचा तो, असे दोघे मिळून जोडी जुंपतात. काजळ्यासाठी दोन जोडीदार मिळण्यासारखे होते. एक लोणारकडचा पाखऱ्या. त्याचा वेग सगळ्यांना माहीत होता. दुसरा हिवरा आश्रमाकडचा ढवळ्या. हा मधल्या चालीचा, पण कुठल्याही पटात फारसा न चुकणारा. दोन्ही मालक विलासचे मित्र होते. दोघांनीही सांगितलं होतं, की सकाळी पटावर ठरव.

"पाखऱ्याच घेईन," विलास म्हणाला. "भास्कररावाचा हरण्या वाऱ्यावानी जाते. त्याच्यासमोर ढवळ्या काय करन?"

मला अजून काहीच कळत नव्हतं आणि न कळता बोलायची मला सवय नाही.

सकाळी पटाच्या माळावर पोचलो तेव्हा उन्हात धुळीचा पडदा उभा होता. बांबू आणि दोर बांधून दोन लांब पट्टे आखले होते, एका टोकाला सुरुवात, दुसऱ्या टोकाला घड्याळ आणि भोंगा. एका वेळी दोन जोड्या सुटत, पण खरी स्पर्धा घड्याळाशी होती; ज्याची वेळ कमी तो वर. बैलांचे दात बघून गट पाडले होते. दोनदाती वेगळे, चारदाती वेगळे, पुरे दात आलेले वेगळे. घोड्याच्या पाठीवर वजन ठेवून जे साधतात, ते इथे बैलाचं तोंड उघडून साधत होते. तपासणीला जनावरांचे डॉक्टर होते. चाबूक बंद होता, धुरकऱ्याच्या (छकडा हाकणाऱ्याच्या) हातात फक्त कासरा.

बायका फार नव्हत्या. आम्ही दोघी दोराला टेकून उभ्या राहिलो, तर शेजारी एक म्हातारे गृहस्थ आधीच मक्याचं कणीस खात उभे होते. सविताने ओळख करून दिली. गफूरचाचा, चिखलीला कापडाचं दुकान, जिल्ह्यातला एकही पट न चुकवणारे.

"चाचा, हिले शिकायचं आहे," सविता म्हणाली.

"शिकवतो ना. फीस एकच. जो हारला त्यानं भजे खिलवायचे."

पहिल्या सुटीला, म्हणजे पहिल्या दोन जोड्या सुटल्या तेव्हा, मी एक उंच, चकचकीत शिंगांची जोडी धरली. ती मागे पडली. चाचांनी भजी खाल्ली. "बेटा, शादीत मिरवायचा बैल अन् पटात पळायचा बैल येगळा. पोट पाह्य. ज्याचं पोट खपाटीले गेलं तोच पळन." दुसऱ्या वेळी मी पोट बघितलं. माझी जोडी पुन्हा मागे पडली. चाचाही हरले, कारण त्यांनी मागच्या साली नाव काढलेली जोडी धरली होती. ते तणतणत म्हणाले की धुरकरीच बेकार.

"तुम्ही नेहमी जिंकता का चाचा?"

"नेहमी जिंकलो असतो तर दुकानात कायले बसलो असतो?"

तिसऱ्या सुटीला मी पैज लावली नाही. नुसती बघत राहिले. आणि मला दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे डावीकडच्या पट्ट्याच्या सुरुवातीला पाणी मारलेलं होतं. तिथली माती ओली होती आणि जड जोडी त्यात रुतत होती. पुढे मात्र दोन्ही पट्टे सारखेच कडक. म्हणजे डावीकडच्या जोड्यांची वेळ थोडी वाईट धरायला हवी होती, तसं कुणीच धरत नव्हतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. जोडीतला एक बैल दुसऱ्यापेक्षा आधी सुटला की जू तिरपं होई. छकडा एका बाजूला ओढला जाई आणि मग तो पुढचाच बैल मागच्याला ओढत नेई. लोक म्हणत होते, "काय बैल आहे." मला दिसत होतं की तो बैल आपला अर्धा जोर सरळ राहण्यातच घालवतोय.

चौथ्या सुटीला मी त्या हिशोबाने जोडी धरली आणि जिंकले. पाचव्यालाही. चाचांनी भज्यांचा पुडा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आता तू मले परेशान करणार."

मला त्या पुड्याची फार गंमत वाटली. खरं सांगते, पुन्हा लावावं असं हाताला वाटायला लागलं होतं. तेवढ्यात माझ्या चपलेचा अंगठा तुटला. खाली वाकून मी तो दोरीने बांधत होते तेव्हा माझ्यासमोर विलासचे बूट येऊन थांबले.

"ताई, चाचा म्हणे तुम्ही ओळखून राह्यल्या. पुढच्या गटात आमचा नंबर आहे. पाखऱ्या का ढवळ्या?"

मी उभी राहिले. भजी खाताना जे सोपं होतं ते एकदम जड झालं.

"काजळ्या सुटतो कसा?" मी विचारलं.

"सुस्त सुटते. मग जोर धरते."

"आणि पाखऱ्या?"

"त्याले तर कासरा ढिला केला की संपलं."

पाखऱ्याची सकाळची धाव मी बघितली होती. त्याची जोडी तशाच झटक्यात सुटणाऱ्या बैलाशी होती, म्हणून ती सरळ गेली. काजळ्याबरोबर तो पहिल्याच ढेंगेत पुढे जाणार होता. ढवळ्या सावकाश सुटणारा, तो काजळ्याच्या बरोबरीने राहिला असता.

"ढवळ्या," मी म्हणाले.

"चाचा म्हणे पाखऱ्या."

"चाचा म्हणतात ते वेगाचं बघून. मी दोघांची चाल बघून सांगते."

"खात्री आहे?"

"नाही. दहात सहा वेळा ढवळ्या बरा पडेल."

विलासने माझ्याकडे बघितलं. "म्हणजे दहात चार वेळा काजळ्या जाते."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? विम्याच्या ऑफिसात असे आकडे मी रोज लिहिते, पण त्या आकड्याचा चेहरा कधी माझ्यासमोर उभा राहत नाही. विलास ढवळ्याच्या मालकाकडे गेला.

आधी भास्कररावाची जोडी सुटली. तो स्वतः दोराजवळ उभा होता, पांढरा सदरा, खांद्यावर शेला, साठीचा पण ताठ. हरण्या खरोखर देखणा पळाला. भोंग्यावरून वेळ सांगितली तेव्हा माळावरून आवाज उठला. त्या गटातली ती तोवरची सगळ्यांत चांगली वेळ होती. भास्कररावाने हात वर केला नाही की हसला नाही. त्याने फक्त विलास कुठे आहे ते बघितलं.

विलासला पट्टा कुठला येतो यावर माझं लक्ष होतं. उजवा, कोरडा आला. मी सविताचा हात धरला.

छकड्यावर विलास स्वतः होता. जोडी रेषेवर आणली तेव्हा काजळ्याने मान वळवून गर्दीकडे बघितलं, जसा तो घरी दाराकडे बघायचा. सविता पुटपुटली, "मायले शोधून राह्यला." मावशी पटाला आल्या नव्हत्या.

झेंडी पडली. काजळ्या सुस्त सुटला. पण ढवळ्याही तसाच सुटला. जू सरळ राहिलं. शेजारच्या पट्ट्यातली जोडी पुढे निघून गेली, लोक तिकडेच ओरडायला लागले, आणि मला वाटलं मी एका घराचा बैल घालवला. अर्ध्यावर काजळ्याने जोर धरला. त्याची मान खाली गेली आणि ढवळ्या त्याच्या बरोबरीने ओढत राहिला, ना पुढे ना मागे. छकडा उडत होता पण वाकडा होत नव्हता. ते आमच्यासमोरून गेले तेव्हा मला फक्त धूळ आणि विलासचा उघडा पडलेला जबडा दिसला.

मग भोंगा बंद पडला. जनरेटर गेला होता. घड्याळ चालू होतं, पण आवाज नव्हता आणि वेळ तिथल्या माणसांनाच माहीत होती. चाचा कणसाचं बुटुक हातात धरून तसेच उभे राहिले. भास्करराव जागेवरून हलला नाही. एक माणूस तिकडून हातवारे करत पळत आला, तर तो दुसऱ्याच जोडीचा निघाला. शेवटी भोंगा खरखरला आणि वेळ सांगितली. अर्ध्या सेकंदाहूनही कमी फरकाने काजळ्याची जोडी वर होती.

चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच म्हणाले, "पाखऱ्या असता तर पुरा सेकंद निघाला असता." ते आजही तसंच म्हणत असतील.

मला वाटलं, संपलं. पण संपलं नव्हतं.

दिवस कलताना आम्ही घरी पोचलो. मावशींनी काजळ्याच्या पायांवरून हात फिरवला, चारही खूर बघितले आणि काही विचारलं नाही. विलास ओसरीवर बसला. तेवढ्यात आवारात भास्करराव आला. बरोबर कुणी नव्हतं, फक्त हरण्या. त्याच्या गळ्यात दावं नव्हतं. जनावर दुसऱ्याला देताना इकडे आपलं दावं देत नाहीत. देणारा ते काढून ठेवतो, घेणाऱ्याने स्वतःचं आणायचं. म्हणून तो बैलाच्या शिंगावर हात ठेवून एवढा रस्ता चालत आला होता.

"विलास," तो म्हणाला. "घे. बांध."

विलास उठला. त्याचा चेहरा मला वाचता येईना. "भाऊ, राहू द्या. रागात बोललो होतो. माह्यापाशी दावंबी नाही."

"दावं नसन तर आन. मी कोनाचे उपकार घेत नाही. माहा बैल हारला."

"मी उपकार नाही करून राह्यलो."

"मंग काय करून राह्यला बे? चार गावात सांगशीन, भास्कररावावर दया केली म्हणून?"

त्याचा आवाज फाटला होता. विलासही आता तापला. एकाला द्यायचाच होता, दुसऱ्याला घ्यायचा नव्हता, आणि दोघांपैकी कुणी एक पाऊल मागे सरकलं असतं तर ते गावभर झालं असतं. भास्कररावाचं मला नीट कळत होतं. मला कॉलेजात फी माफ करतो म्हणाले होते, तेव्हा मीही अशीच उभी राहिले होते.

शेवंतामावशी गोठ्यातून बाहेर आल्या. हातात पाण्याची बादली होती. त्यांनी ती हरण्यासमोर ठेवली. बैलाने तोंड घातलं. त्याने बादली रिकामी केली.

"भाऊ," मावशी म्हणाल्या, "बैल पाणी प्याला. आता घेऊन जा."

"वैनी, पैज झाली आहे."

"कोनती पैज?"

"बैलावर बैल. विलासनं लावली."

"विलासचा बैल कोनता?" मावशींनी विचारलं. "काजळ्या माहा आहे. त्याले दूध मी पाजलं, त्याचं शेण मी काढलं. त्यानं माह्या बैलावर पैज लावली, मले इचारलं नाही. दुसऱ्याच्या बैलावर कोनाले पैज लावता येते का? झालीच नाही ती पैज."

विलासने मान खाली घातली. पैज लागल्यापासून मावशी आज पहिल्यांदा त्याच्यासमोर त्या पैजेबद्दल बोलल्या होत्या.

भास्कररावाने हरण्याच्या पाठीवरची धूळ झटकली. मग म्हणाला, "अन् आज काजळ्या हारला असता तर?"

"तरी मी हेच सांगतलं असतं."

"मंग?"

"मंग तुमी ऐकलं नसतं."

त्याने मावशींकडे बघितलं आणि खाली बघितलं. "नसतं ऐकलं," तो म्हणाला. "खरं आहे."

"म्हणून जिकू दिलं म्यां," मावशी म्हणाल्या, आणि बादली उचलून आत गेल्या. मी आणि सविता एकमेकींकडे बघत राहिलो. जिंकू देणं त्यांच्या हातात कुठे होतं? पण त्या दिवशी त्या आवारात ते वाक्य कुणी तपासलं नाही.

सविताने चहा आणला. भास्करराव ओसरीवर बसून तो प्याला, विलासपासून हातभर अंतरावर. दोघे बोलले ते फक्त ढवळ्याच्या चालीबद्दल. उठताना त्याने खांद्यावरचा शेला काढला, त्याची गाठ हरण्याच्या गळ्यात बांधली आणि बैल घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विलासने मला मोटारसायकलवरून स्टँडवर सोडलं. रस्त्यात म्हणाला, "ताई, तुमच्या दहात सहामधी माय कुठं बसते?"

"बसत नाही," मी म्हणाले. "मी चाल विचारली, दात विचारले, पट्टा बघितला. बैल कुणाचा आहे ते विचारलंच नाही."

"म्यां बी नाही इचारलं," तो म्हणाला.

जालन्याच्या एसटीत मागच्या बाकावर दोघे जण पटाबद्दलच बोलत होते. एक म्हणत होता, त्या बाईनं शब्द फिरवला, असं चालत नाही. दुसरा म्हणत होता, फिरवला म्हणून दोन गोठे शाबूत राहिले. मी मागे वळून बघितलं, तशी पहिल्याने विचारलं, "मॅडम, तुम्ही होत्या का पटाले?"

"होते."

"मग खरं काय झालं, सांगा यांना."

मला सगळं सांगता आलं असतं. ओली माती, तिरपं जू, ढवळ्याची चाल, माझा बरोबर आलेला अंदाज. तो बरोबर आला याचा मला अजूनही अभिमान आहे. पण तो चुकला असता तर शेवंतामावशींचं कुणी ऐकलं नसतं आणि काजळ्या गेला असता, हेही तितकंच खरं आहे. माझ्या दहात सहाने त्यांना बोलण्यापुरती जागा मिळवून दिली होती, आणि दहात चार वेळा तीही मिळाली नसती.

"बैल तिचा होता," मी म्हणाले.

सिंदखेडराजाच्या स्टँडवर एसटी थांबली तोवर त्या दोघांनी दुसरा विषय काढला नव्हता.